डोळे मिटा, डोळे उघडा

रविवारी दुपारी मारिविक वडिलांकडे पोचली तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले होते, जुन्या काळी लोक फोटो काढून घ्यायला बसत तसे, आणि तिची भाची झनेल आजोबांच्या पुढ्यात गुडघे टेकून त्यांच्या तोंडासमोर फोन धरत होती. "लोलो, हनुवटी वर. अजून थोडी. आता डावीकडे बघा. लोलो, तो उजवा!" "साठ वर्षं जोडे शिवले मी. डावा-उजवा तू शिकव मला आता," असं म्हणत म्हातारा मुकाट्याने डावीकडे वळला. "आता डोळे मिटा. उघडा. बास, झालं!" मारिविकने पुतोचं, तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्यांचं, खोकं टेबलावर ठेवलं, रीतीप्रमाणे वडिलांचा हात उचलून कपाळाला लावला आणि हसली. म्हाताऱ्यांना मांजराचे कान लावून दाखवणारा तो पोरखेळ असेल, एवढंच तिच्या मनात आलं. तातयना, तिच्या वडिलांनाही, तसंच वाटलं असणार. "काय गं, मांजर झालो का या खेपेला तरी?" त्यांनी विचारलं. झनेल फोनकडे बघत म्हणाली, "नाही लोलो. तुम्ही तुम्हीच आहात. फोनला तेवढंच हवं होतं." मग तिघांनी पुतो खाल्ले. तातयनी चीज लागलेला भाग नातीसाठी वेगळा काढला. भिंतीवर जोड्यांचे लाकडी साचे टांगलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. त्यांतली निम्मी माणसं वारली होती, उरलेली बाजारातले तयार जोडे घालत होती, आणि तातय दर शनिवारी फडक्याने ते साचे पुसत. खाली नदीकडच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. त्या दिवसात याहून जास्त काहीही नव्हतं. पुढे मारिविकने तो इतक्या वेळा उलगडून पाहिला की त्याच्या घड्या विरत गेल्या. पण "डोळे मिटा, डोळे उघडा" हे शब्द कानावर पडताना तिला काही ओळखू आलं होतं की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना. कधीतरी तिला वाटे की आलं होतं, आणि तिने पुतोचा घास घेऊन ते दाबलं.

सोमवारी तातय आपली पेन्शन काढायला गेले. चर्चच्या मागे पैसे पाठवण्या-काढण्याचं दुकान आहे, तिथली खिडकीवरची मुलगी लोवेना त्यांना लहानपणापासून ओळखत होती. तिच्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे जोडे त्यांनीच शिवले होते. फोनमध्ये पेन्शन दिसेना, तेव्हा त्यांनी फोनच तिच्या हातात दिला. तिने बोट फिरवून पैसे कुठे गेले त्याची यादी पाहिली आणि हसून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अय्या लोलो सेब्यो, तुम्ही तर पक्के खेळिये निघालात! रोजचं कॅसिनो! लोला-आजी गेल्यावर आता जवान झालात की काय?" रांग हसली. ही थट्टाच होती, या गल्लीत म्हाताऱ्यांची अशी थट्टा रोज होते, म्हातारेही एक वरचढ उत्तर देऊन मोकळे होतात. लोवेनानेच हे सगळं नंतर मारिविकला सांगितलं, तातयच्या शवपेटीपाशी उभं राहून, नाक पुसत. "तिता, मी हसले हो. देवाशपथ, मला काय माहीत? आणि ते काय म्हणाले माहितीय? क्षणभर फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'हो गं. खेळतो आपला कधीमधी. वेळ जात नाही.' मग मी अजूनच हसले." मारिविकने तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्या माणसाने बायकोच्या हाती कधी पत्त्यांचा जोड येऊ दिला नाही, ज्याने कोंबड्यांच्या झुंजीवर कधी नाणं लावलं नाही, तो भर रांगेत म्हणाला, हो, मीच. फोनमधल्या त्या यादीकडे बघतानाच त्याला सगळं कळलं असणार. हनुवटी वर, डावीकडे, डोळे मिटा. पंधरा वर्षांच्या नातीने आपल्या चेहऱ्याचं काय केलं ते त्याला उभ्या उभ्या कळलं, आणि तिथल्या तिथे त्याने ते आपल्या अंगावर घेतलं. एवढी जबाबदारी कोणी घ्यायला सांगितली होती त्यांना?

नेहमी तीनचाकीने येणारे तातय त्या दिवशी उन्हातून चालत घरी आले. आल्यावर त्यांनी मारिविकला फोन केला. ती कामात होती, समोर एका साबणाच्या कंपनीचं माहितीपत्रक उघडं होतं. "मारिविक, मी जुगारी झालो म्हणे," ते म्हणाले आणि थोडं हसले. "कोण म्हणतं?" "फोन म्हणतो. माझा चेहरा आहे म्हणे त्यात." तिला सगळं कळलं, एका क्षणात, कारण तो चेहरा तिथे कसा जातो, का मागतात, कोणत्या पानावर कोणत्या ओळीत मागतात, हे या गल्लीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिने बोलायला हवं होतं. तातय, तुम्ही खेळला नाहीत, ही सात शब्दांचीही गोष्ट नव्हती. ती म्हणाली, "मी उद्या येते, तातय. मग बघू." ते म्हणाले, "ये. पण पोरीला काही बोलू नकोस." संध्याकाळी शेजारच्या आलिंग पुरिंग त्यांना लुगावचा, तांदळाच्या पेजेचा, वाडगा द्यायला गेल्या, तर ते कामाच्या बुटक्या स्टुलावरून एका कुशीवर पडलेले होते, तोंड वाकडं, एक डोळा मिटलेला आणि एक उघडा. तीन दिवस ते इस्पितळात होते, मग गेले. झनेल दारातच उभी राहायची, आत येत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने आत्याचा हात कपाळाला लावला आणि तो सोडलाच नाही, तशीच वाकून सगळं सांगून टाकलं: शाळेतल्या एका मैत्रिणीने मोराच्या चित्राचं ते कॅसिनोचं ॲप दाखवलं, आधी फुकट फिरणारी चाकं होती, मग लोलोचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड, मग लोलोचा चेहरा, मग लोलोची पेन्शन. "त्याने मला एकदाही वय विचारलं नाही, तिता. रात्री शाळेचा गणवेश घालून खेळले तरी." त्याने म्हणजे ॲपने. तिने ते एखाद्या थोर माणसाबद्दल बोलावं तसं म्हटलं, आपली फसगत नेमकी कोणी केली याचा शोध न लागलेल्या आवाजात.

आता पेटी पुढच्या खोलीत होती, साच्यांखाली, काचेचं झाकण, दोन्ही बाजूंना दिवे. घराबाहेर गल्लीत ताडपत्री बांधून टेबलं मांडली होती आणि दुपारपासून पत्ते सुरू होते. मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, म्हणून लोक बसतात, आणि बसायचं तर हातात काहीतरी हवं. जिंकणाऱ्याने आपल्यातला वाटा घरच्यांच्या डब्यात टाकायचा. या वाट्याला टोंग म्हणतात; त्याच्या जोरावर कितीतरी घरांच्या पेट्या खांद्यावर चढल्या होत्या. तातयना पत्ते आवडत नसत, पण अंत्यविधीच्या घरी ते कधी तोंड वाकडं करत नसत. "जिवंतपणी खेळू नका, माझ्या पेटीपुढे खेळा," असं म्हणत. टेबलाचा कारभार आलिंग पुरिंगकडे होता. पायांतली रबरी चप्पल त्यांनी मांडीवर काढून ठेवली होती. ती कशाला, ते थोड्या वेळाने कळे. कोपऱ्यावरचा तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा खुर्ची ओढून बसू लागला की पुरिंग पत्त्यांवरून डोळे न उचलता म्हणायच्या, "तू नेनेंगचा ना रे? मोठा पूर आला त्या साली झालास तू. बोटांवर मोजून दाखवू वय? चल, शेंगदाणे उचल आणि ऊठ." मुलगा म्हणायचा, "बघतोय नुसतं." "बघणं माझ्या कुत्र्यालाही येतं. ऊठ!" आणि चप्पल हवेत. सगळे हसत. मग मारिविककडे वळून त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या टेबलाला ना दार ना भिंत. तरी एक पोर बसू दिलं नाही चाळीस वर्षांत. मला लिहिता येत नाही, पण कोण कधी जन्मलं ते येतं." मारिविक कॉफी ढवळत राहिली. तिची नजर त्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवरच्या चपलेवरून हटेना. शोक तिला ओळखीचा होता, आई गेली तेव्हा तो आला होता, ओला, जड, झोपाळू. हा वेगळा होता. कोरडा होता. याला दात होते.

कारण त्या ॲपचं पान तिने लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, शहराच्या त्या काचेच्या भागात, एकविसाव्या मजल्यावर, एवढ्या गार खोलीत की तिने कोणाचा तरी कोट पांघरला होता. कंपनीचं नाव तेव्हा दुसरं होतं, मोर तोच. तिचं काम लोकांची वाक्यं सरळ करण्याचं, ते ती वीस वर्षं करत होती: औषधांच्या पुड्या, विम्याची पत्रकं, एका बिशपची भाषणं. तिच्याकडे वाचनाची श्रीमंती होती, आणि ती श्रीमंती ती असल्या कागदांवर खर्च करायची, कारण घर त्यावरच चाले. पानाचं नाव होतं "जबाबदारीने खेळा". पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं: एकवीस वर्षांखालच्या कोणालाही आत न घेणं ही आमची जबाबदारी आहे. कंपनीचा माणूस चांगला होता, तरुण, दोन मुलींचा बाप, फोनवर त्यांचे फोटो दाखवणारा. तो म्हणाला, "छान आहे. पण 'आमची' जरा जड पडतं." मग तिने लिहिलं: आमच्या आणि पालकांच्या एकत्र प्रयत्नांनी. तो म्हणाला, "जवळ आलोय." मग तिने एक वाक्य लिहिलं, आणि ते वाक्य चांगलं होतं, हेच वाईट. त्याला लय होती. मुलांच्या हाती फोन देण्याआधी ते वाक्य पालकाच्या खांद्यावर हात ठेवत होतं, मायेने, आणि मग तो हात तिथेच सोडून निघून जात होतं. "बघा," तो माणूस तेव्हा म्हणाला होता, "पोरं येणारच. ती आली तर दोष घरात राहायला हवा, दारात नाही." ती हसली होती. तिने तोंड वाकडं केलं नाही, कोट काढून ठेवला नाही, ती उठली नाही. "दोष घरात राहायला हवा." ते तिला कळलं नव्हतं असं ती स्वतःला गेली चार वर्षं सांगत आली होती. पण हसायला माणसाला कळावंच लागतं. त्याच दिवशी तिने तातयसाठी नवं चामडं विकत घेतलं होतं. तपकिरी, मऊ. ते अजून कपाटात गुंडाळलेलं होतं. तातय ते कशासाठी तरी राखून ठेवत होते.

तातय असे नव्हते. तिला आठवलं, ती कॉलेजात असताना एक बाई आपल्या भाचीला घेऊन आली होती, मुलीला चार बोटं उंच टाचेचे जोडे हवे होते, नाचाच्या कार्यक्रमासाठी. तातयनी मुलीचं पाऊल मांडीवर घेतलं, अंगठ्याने टाच दाबून पाहिली, आणि विचारलं, "किती वर्षांची?" बाई म्हणाली, "अठरा." तातय म्हणाले, "हे पाऊल बारा-तेराचं आहे. हाड अजून वाढतंय. दोन वर्षांनी या." "पैसे आम्ही देतोय ना, मग तुम्हाला काय करायचंय?" "जोडा मी शिवतोय," तातय म्हणाले, "म्हणून मला करायचंय." बाई दुसऱ्या दुकानात गेली. त्या संध्याकाळी घरात सुक्या माशावर भागलं आणि आई कुरकुरली. तातयनी पावलावर बोट ठेवून वय ओळखलं, आणि एवढी यंत्रं, एवढे डोळे, हनुवटी वर, डावीकडे, मिटा, उघडा, यांना शाळेच्या गणवेशातली पोर ओळखू आली नाही. कशी येईल? ओळखायचीच नव्हती.

दुपार कलल्यावर ती आत आली तर झनेल पेटीपाशी उभी होती. पाठमोरी. दोन्ही हातांनी तातयचा फोन काचेवर धरलेला. मारिविकने जाऊन मुलीचा दंड एवढ्या जोरात धरला की फोन काचेवर आपटला. "काय करतेस? काय करतेस तू?" तिला आपला आवाज ओळखू येईना. झनेल रडत होती, पण काचेवर अश्रू पडू नयेत म्हणून मान मागे ओढून धरलेली होती, लहानपणापासून शिकवलं होतं तसं: पेटीवर अश्रू पडला तर गेलेल्याचा पाय अडतो. "बंद करतेय, तिता. खातं बंद करतेय. त्यांच्याकडून सारखे निरोप येतात. सेब्यो, तुझी आठवण येते. सेब्यो, भेट तुझी वाट बघतेय. लोलोच्या नावाने. बंद करायचं म्हटलं तर चेहरा मागतं." तिने फोन पुढे केला. पडद्यावर एक गोल होता, गोलात काचेमागचा तातयचा चेहरा होता, पावडर लावलेला, ओठ शिवल्यासारखे, आणि वर हसऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: छान! आता डोळे उघडा. "उघडत नाहीत," झनेल म्हणाली. "तिता, ते उघडत नाहीत ना."

तो गोल पुन्हा पुन्हा विचारत होता. आत येताना त्याला काही प्रश्न पडले नव्हते, एका मुलीने एका म्हाताऱ्याला हसत हसत वळवलं तरी चाललं होतं. बाहेर पडायला मात्र जिवंत माणूस हवा होता. तेवढ्यात बाहेर गडबड झाली आणि कुया रॉली आला, मारिविकचा मोठा भाऊ, झनेलचा बाप, जहाजावरून उतरून दोन विमानं बदलून, खांद्यावर पिशवी, अंगाला डिझेलचा वास. तो पेटीपाशी गुडघ्यांवर बसला. मग उठला. इस्पितळातूनच त्याला सगळं कळवलेलं होतं. त्याने मुलीकडे पाहिलं. "मी समुद्रात मरमर मरतो," तो म्हणाला, हळू आवाजात, आणि हळू होता म्हणून भयंकर, "आणि तू इथे बसून म्हाताऱ्याला मारलंस." झनेल बापाचा हात कपाळाला लावायला पुढे झाली होती. त्याने हात मागे घेतला. ते मारिविकने पाहिलं, आणि बाहेर टेबलावर बसलेल्यांनीही पाहिलं. पत्ते थांबले. "रॉली," आलिंग पुरिंग दारातून म्हणाल्या, "तिच्या वयाचा होतास तेव्हा मी तुलाही चपलेने हाकललंय. तिला हाकलायला कोणी नव्हतं, एवढंच." "कोणी नव्हतं? हिची आत्या नव्हती?" तो मारिविककडे वळला. "एवढी शिकलेली. पुस्तकं खाणारी."

मारिविकने फोन उचलला आणि पेटीच्या कडेला ठेवून ॲपवरचा मदतीचा क्रमांक लावला, आवाज मोठा करून. का, ते तिला नीट ठाऊक नव्हतं. कोणीतरी माणूस बोलावा, एवढंच वाटत होतं. बऱ्याच संगीतानंतर एक तरुण आवाज आला, अतिशय नम्र. तिने सांगितलं: खातेदार वारले आहेत. खातं पंधरा वर्षांच्या मुलीने चालवलं. बंद करा, आणि ती आत कशी आली ते सांगा. "वडिलांबद्दल मनापासून दुःख झालं, मॅडम," तो म्हणाला, आणि कदाचित खरंच झालं असावं. "पण आमच्या नोंदीत खातेदार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चेहरा जुळलेला आहे, चार वेळा. रविवारीसुद्धा." "रविवारी मी तिथे होते," मारिविक म्हणाली. "बघा, म्हणजे घरातलं मोठं माणूस हजर होतं," तो म्हणाला. त्याला काही टोमणा मारायचा नव्हता, तो फक्त एक चौकट भरत होता. "मी आपल्याला आमचं धोरण वाचून दाखवतो. आपल्या मुलांच्या हाती फोन देण्याआधी—"

"आपल्या मुलांच्या हाती फोन देण्याआधी," ती म्हणाली, त्याच्याबरोबर, मग त्याच्या पुढे, "क्षणभर थांबा. त्यांचं बालपण आपल्या हातात आहे. त्याची राखण घरापासून सुरू होते, आणि ती आपणच करू शकता." फोनमधला मुलगा म्हणाला, "मॅडमनी आमचं पान नीट वाचलंय."

"वाचलं नाही. लिहिलंय मी."

"माफ करा, मॅडम?"

"मी लिहिलंय ते. आधी तिथे 'आमची जबाबदारी' असं होतं. 'आमची' मी खोडलं. कोणीतरी सांगितलं म्हणून खोडलं, आणि का खोडतेय ते मला माहीत होतं. लिहून घ्या. माझं नाव मारिविक माकारायेग. तुमच्या चौकटीत बसत नसेल तर बाहेर लिहा." तिने फोन तसाच चालू ठेवला. भावाकडे वळली. रॉली तिच्याकडे असा बघत होता की जणू तीच कुठल्यातरी बंदरात आता उतरली. "कुया, तिचा हात घे. घे म्हणते ना. तिला आत घेणाऱ्यांनी दार उघडं ठेवलं, दारावरची पाटी मी रंगवली, आणि सगळं तातयनी अंगावर घेतलं. हिच्यासाठी. लोवेनाला विचार, ती बाहेर आहे. भर रांगेत ते म्हणाले, मीच खेळतो." झनेलच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. रॉलीचा हात वर आला, थांबला, मग मुलीच्या कपाळाशी गेला.

मारिविक पेटीकडे वळली. काचेवर फोनच्या आपटण्याचा एक बारीक चरा उठला होता, तातयच्या डाव्या गालावर. तिने तो बोटाने पुसून पाहिला. मान मागे ओढायचं तिला या वेळी सुचलं नाही.

"तातय," ती म्हणाली, मोठ्याने, बाहेरच्या टेबलापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, "तुम्ही खेळला नाहीत. तुम्ही फोन केलात तेव्हाच मला माहीत होतं."